चारशे सातची घागर

तारा मी बनवली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून तुम्ही मला येडा म्हणणार नाही, लबाड म्हणाल. लबाड चालतं. पन्नाशीला टेकलो तरी खोड्या सुटल्या नाहीत. वॉचमनचा शर्ट खुर्चीला शिवून टाक, मॅनेजरच्या फोनवर म्हशीची रिंगटोन लाव, असले धंदे. बाकीच्या वेळात मी प्लंबर. नाव ललित, गाव अमळनेरकडचं, आणि नोकरी सुरतेत रिंग रोडजवळच्या एका चार मजली हॉटेलात.

आमच्याकडे कापडाचे व्यापारी उतरतात. सकाळी अर्धा-अर्धा तास शॉवरखाली उभे राहतात आणि मग मार्केटात भाव पाडायला जातात. यंदा मार्चपासूनच रोज दोन टँकर पाणी विकत यायला लागलं. मालक छगनभाईंनी हर्षदा नावाची एक इंजिनियर बोलावली. पोरगी चुणचुणीत. नळांना, शॉवरना बारीक जाळ्या बसवून घेतल्या माझ्याकडून. प्रत्येक खोलीत पाटी ठेवली, की टॉवेल परत वापरणार असाल तर टांगा, धुवायचा असेल तरच खाली टाका.

"शेठ, पुण्य मिळवायला करू नका हे," ती छगनभाईंना म्हणाली. "एक टॉवेल कमी धुतला की पाणी वाचतं, ते तापवायचा गॅस वाचतो, साबण वाचतो आणि टॉवेलही जास्त दिवस टिकतो. जाळ्यांचा खर्च दोन महिन्यांत निघेल. रोजचा एक टँकर बंद झाला पाहिजे."

पाहुण्यांनी टॉवेल टांगले. टँकर मात्र दोनच.

छगनभाईंनी मला बोलावलं. "ललित, मे एन्ड सुधी एक टँकर बंद नई थाय, तो चौथा माळा बंद. चारे बाई घेर."

म्हणजे मे संपेपर्यंत टँकर नाही घटला, तर चौथ्या मजल्याच्या चारी सफाईवाल्या घरी. त्यांची म्होरकी उषाबाई, शिंदखेड्याकडची. नवरा नाही. पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, तिची फी याच पगारातून. आणि गंमत बघा, पाणी तिच्याच हातून जात होतं. बाथरूम घासायला बसली की नळ सोडून द्यायची, काम होईपर्यंत धो धो. तिचं बघून बाकी तिघीही तेच.

"उषाबाई, नळ बंद करत जा ना."

"गावले एक घागरसाठे दीड कोस चालेल शे मी," ती आमच्या अहिराणीत म्हणाली. "आते नळना आवाज आयकत काम करू दे ना भो. बरं वाटस."

या बाईला नोकरी जाईल म्हणून सांगितलं, तरी हात सवयीने नळ सोडणारच. मग मी माझं हत्यार काढलं.

दुपारी दोन ते चार हॉटेल रिकामं असतं. जुने पाहुणे गेलेले, नवे यायचे. तेव्हा चौघी चारशे सात नंबरच्या खोलीपाशी डबा खायला बसतात. मी तिथे टेकलो आणि आवाज खाली आणून म्हणालो, "या खोलीचं माहीतंय ना? तुमच्या आधी इथे तारा होती कामाला. आपल्याकडचीच. अशाच उन्हाळ्यात पाईपलाईन फुटली होती, हॉटेलात थेंब नाही. भर दुपारी याच बाथरूममध्ये गेली ती, नळाला तोंड लावून. अजून नळ वाहताना ऐकला की प्यायला येते."

"चाल बे," उषाबाई हसली. हसताना डबा मात्र बंद केला.

पुढचं सोपं. कुणी नळ सोडला की मी डक्टमध्ये, पाईपांच्या बोळात, जाऊन त्या खोलीचा व्हॉल्व्ह बंद करायचो. नळ खोकायचा, हवा ओढायचा, गप्प. दोनदा ओल्या पावलांचे ठसे काढले, माझ्याच पायांचे, टाच उचलून. तिसऱ्या दिवशी चौघींतली शीतल किंचाळत जिना उतरली. मला हसून हसून उचकी लागली.

पंधरा दिवसांत दुसरा टँकर बंद. चौघी पाण्याची बादली भरून घ्यायच्या आणि तेवढ्यातच काम उरकायच्या. गॅसचं सिलिंडरही जास्त दिवस पुरायला लागलं. छगनभाईंनी मला घारी, सुरतेची तुपातली मिठाई, खाऊ घातली.

मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

आखाजीला आमच्या खान्देशात गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. वर छोटं भांडं, त्यावर आंबा. पितर येतात, पाणी पितात आणि वर्षभरासाठी जातात. उषाबाईने मला न विचारता चारशे सातच्या बाथरूममध्ये मातीची घागर भरून ठेवली, सांजोरी ठेवली आणि मोठ्याने हाक मारली, "तारा, ये माय, पानी पी."

मी दारातून पाहिलं. थांबवायला हवं होतं. जे माणूस कधी जगलंच नाही त्याच्या नावाने घागर भरत नसतात, हे मला माझ्या आईने शिकवलेलं. पण मी तोंडावर रुमाल धरून हसत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर घागर रिकामी. उन्हाने म्हणाल, तर ओल तरी राहते. ही आतून अशी कोरडी की हात फिरवला तर माती बोटांना आली. आंब्याला कुणी हात लावला नव्हता.

उषाबाईने उचलली असेल, सांडली असेल, असं म्हणत मी बेसिनचा नळ सोडून बघितला. पाणी आलं. मी हात मागे घेतला आणि नळाची मूठ फिरली. हळू, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखी. बंद झाली. तोटीला एक थेंब लोंबला. मी बघत राहिलो. थेंब खाली पडलाच नाही. वर गेला नाही, सुकला नाही, कुणीतरी टिपून घ्यावा तसा नाहीसा झाला.

व्हॉल्व्ह माझ्या हाताखाली नव्हता. डक्टची किल्ली माझ्या खिशात होती.

त्या आठवड्यात चारशे पाचचा इंदूरचा व्यापारी अंगाला साबण लावलेला खाली आला. शॉवर मध्येच बंद. मी तपासलं, पाणी होतं. चारशे नऊच्या जोडप्याने उशाशी ठेवलेला पाण्याचा जग सकाळी कोरडा, झाकण लावलेलं. चारशे तीनच्या पाहुण्याचे ओठ फाटलेले होते, तो बॅग उचलून गेला. चार दिवसांत मजला रिकामा.

"टँकर बच्यो ने ग्राहक गयो," छगनभाई म्हणाले. "शनिवारे बंद करूं छूं."

म्हणजे उषाबाईची नोकरी ज्याने वाचवली, त्यानेच घालवली. पहिल्यांदा माझ्या खोडीचं मला हसू येईना. मी तिला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. डक्ट, व्हॉल्व्ह, ठसे. "तारा कुणी नव्हतीच, उषाबाई. मी बनवली."

तिने शिव्या दिल्या, अस्सल. थोबाडीत द्यायला हातही उचलला. मग हात तसाच राहिला.

"मंग घागर कोनी पिधी?"

मग मी तिला आपोआप फिरलेल्या नळाचं आणि त्या थेंबाचंही सांगितलं.

"तू नाव दिनं, मी पानी दिनं," ती सावकाश म्हणाली. "आते ती शे. बाकीना पितरेसले घर राहस, पोरं राहतस, वरीसमा एक घागर पुरस. हिनं कोन शे? हिले रोज लागी."

"आता ती आहे म्हणतेस? मग रोज कोण भरणार?"

"जो तिना बाप व्हयना तो."

छगनभाईंकडे मीच गेलो. काही लपवलं नाही. ते पंख्याकडे बघत ऐकत राहिले.

"भाडू आपसे?"

"नाही शेठ, भाडं नाही देणार. पण चारशे सात तिला द्या. मी रोज पाणी भरतो. बाकीच्या खोल्यांना ती हात लावणार नाही."

त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. एका बाजूला एक खोली, तीही आठवड्यात तीन दिवस रिकामीच असणारी. दुसऱ्या बाजूला टँकर, गॅस, साबण. दोनदा दाबून बघितलं. "एक महिनो जोईए," म्हणाले, म्हणजे महिनाभर बघू, आणि पाटीवरून चारशे सातची चावी काढून माझ्यापुढे टाकली.

त्याला आता चार महिने झाले. खोल्या भरतात, शॉवर चालतात, टँकर एकच. उषाबाईची पोरगी परीक्षेला बसली. रोज दुपारी दोनला मी घागर भरतो, नाव घेतो आणि मागे न बघता दार ओढतो. सुट्टी नाही. भाच्याच्या लग्नाला एक दिवस गेलो, तर तिसऱ्या मजल्यावरचे जग कोरडे झाले. मी थांबलो तर चौघी घरी, म्हणून थांबत नाही.

आज उषाबाईने मला जिन्यात दोन घागरी नेताना पाहिलं.

"दुसरी कोनले?"

आठ दिवस झाले, एक पुरत नाही. पहिली घागर कोरडी होते आणि तिच्या शेजारी फरशीवर, रिकाम्या जागेत, दुसऱ्या घागरीच्या बुडाएवढं गोल ओलं दिसतं. मी काल तिथेच दुसरी ठेवली. मातीचं भांडं टेकताना थोडं पाणी सांडलं, आणि ते जमिनीला लागलंच नाही.

"कोनले रे भो?" तिने परत विचारलं.

एकीचं नाव मी दिलं होतं. दुसरी न बोलावता आली, तिचं नाव विचारायची माझी हिंमत होत नाही.