देवघराची भिंत

वसुंधराबाईंनी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला, पदराने पुसला आणि परातीत ठेवला. मागोमाग अन्नपूर्णा, शंख, घंटा. मुलगा परेश दारातच थबकला.

"आई, हे काय करतेयस?"

"देव स्वयंपाकघरात नेतेय. इंजिनिअरला फोन लाव. म्हणावं, पहिलाच नक्शा ठीक आहे."

बाथरूमचा पहिला नक्शा फाल्गुनातच पास झाला होता. लकवा मारल्यापासून नानांना अंगण ओलांडून संडासला जाणं जमेना, म्हणून त्यांच्या खोलीला लागूनच बाथरूम काढायचं ठरलं होतं. पण मध्ये आली देवघराची भिंत. "देवाच्या पाठीला संडास? मी जिवंत असेपर्यंत नाही," असं वसुंधराबाईंनी निक्षून सांगितलं. नवरा आजारी असला म्हणून काय झालं! मग दुसरा नक्शा काढला, बाथरूम मागच्या बाजूला सरकवलं. तिथे शेजारच्या हद्दीलगत सोडायची मोकळी जागा कमी भरली. मंजुरी अडकली ती अडकलीच.

"राहू दे रे, मी जातो की अंगणातून," नाना म्हणाले होते.

त्या उन्हाळ्यात गल्लीतली सगळी झाडं होरपळली, पण नानांच्या खिडकीखालची मोगऱ्याची कुंडी अशी बहरली की बघत राहावं. "देवाची कृपा, दुसरं काय!" म्हणत वसुंधराबाई रोज ती फुलं देवाला वाहायच्या.

कृपा कसली न् काय! परवा संध्याकाळी सून अमिताने पाहिलं, नाना भरलेला तांब्या खिडकीतून कुंडीत ओतत होते.

"नाना, प्यायचं पाणी फेकताय का?"

"प्यायलं की रात्री उठावं लागतं, बेटा. मग माझ्यापायी तुम्ही सगळे उठता."

दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. आधीच नाजूक असलेल्या किडन्या पाण्यावाचून पार बसल्या होत्या.

"मी तीच फुलं वाहत होते रे," वसुंधराबाई म्हणाल्या आणि परात धरूनच रडू लागल्या. परेशने परात हातातून घेतली, मग इंजिनिअरला फोन लावला.

"भिया, वो पहला वाला नक्शा..."

"वो तो पास ही है. काम लगवा दो."

नाना घरी आले तोवर बाथरूम तयार होतं. भिंतीला धरायला दांडी, खाली न घसरणारी फरशी. काठी टेकत नाना आत जाऊन आले आणि कित्येक दिवसांनी हसले.

"झकास झालंय गं! आण आता तांब्याभर पाणी. आता कुणाला उठवायचं नाही."

वसुंधराबाईंनी तीर्थाची वाटी पुढे केली.

"एवढंच?"

"अहो, किडन्यांना आता जास्त पाणी झेपत नाही, डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय. रात्रीपर्यंत पुरवायचं."