जाळीच्या दाराशी

मित्रांनो, वर-खाली करण्यातच माझे सारे आयुष्य गेले. मी एक जुनी लिफ्ट आहे. हाताने ओढायचे जाळीचे दार, डागाळलेला आरसा आणि बटणांची उभी पट्टी, एवढाच माझा संसार. कारखान्यातून आले तेव्हा माझे पितळ असे चकाकत होते की लोक आरसा सोडून त्यातच केस नीट करायचे. आता माझी कुरकुर ऐकून पाहुणे नाक मुरडतात. असो.

माझी सर्वांत लाडकी म्हणजे वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी ताई. तळमजल्यावर तिचे दुकान होते. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि तशाच तोंडाने गुणगुणणे! जाता-येता ती माझ्या भिंतीवर हात टेकायची. दुसऱ्या कुणाला ते कधी सुचले नाही.

एका दुपारी वीज गेली आणि आम्ही दोघी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलो. थोड्याच वेळात वीज आली, कुणाला खरचटलेही नाही. पण तेवढ्यात ताईचा श्वास कोंडला, हातपाय गार पडले, आता आपण मरणार असे तिला वाटले. त्यानंतर ती जिन्याने जाऊ लागली. मग जिन्यातही छाती धडधडू लागली. मग तिने घराचा उंबरठाच ओलांडला नाही. दुकानाला कुलूप लागले.

तिचा नवरा भला माणूस. "तू बस गं, मी आहे ना," म्हणत तो भाजी, औषधे, दोऱ्याची रिळे, सगळे वर आणून द्यायचा. त्याच्या मायेमुळे तिला बाहेर पडायला कारणच उरले नाही. मी वर थांबले की तिच्या बंद दाराकडे बघत राहायची. मला तिची फार आठवण यायची.

शेवटी ताईच म्हणाली, "मला माझ्या दुकानात बसायचंय हो. असं कुठवर चालायचं?" तेव्हा समुपदेशक बाई घरी येऊ लागल्या. माझ्यासमोर उभ्या राहून एकदा त्यांनी तिला सांगितले, "धडधड चढते, तशी आपोआप उतरतेही. तुम्ही दर वेळी आधीच पळता, म्हणून ती उतरलेली तुम्ही कधी पाहिलीच नाही."

सराव सुरू झाला. आधी नुसते माझ्या दाराशी उभे राहायचे. पुढे दार उघडे ठेवून आत. तिचा हात पुन्हा भिंतीला टेकला तेव्हा मला भरून आले. पण तिला घाम फुटला की नवरा हाताला धरून बाहेर काढायचा. "कशाला जिवाला त्रास?" बाईंनी त्याला गोड बोलून तळमजल्यावर पिटाळले.

त्या दिवशी दार लावून आत एकटीने उभे राहायचे, एवढेच ठरले होते. आणि खाली जीव टांगणीला लागलेल्या नवऱ्याने न राहवून वर यायला बटण दाबले! मी निघाले. माझा इलाज नव्हता. ताई किंचाळली.

"थांबवायचं लाल बटण हाताशी आहे, ताई!" वरून बाईंचा आवाज आला. "पण बघा, उतरते का धडधड!"

तिचे बोट लाल बटणावर जाऊन थरथरत राहिले. मजले सरकत होते. मग तिने बोट काढून घेतले आणि हात माझ्या भिंतीवर टेकला. "होऊ दे धडधड," ती पुटपुटली. "होऊ दे."

खाली नवरा आ वासून उभा. "अगं, तू? मी तर नुसतं बटण..."

"समजलं मला," घाम पुसत ताई म्हणाली. "दुकानाची किल्ली काढून ठेवा. मी वर जाऊन येते. बाई ताटकळल्यात." आणि त्याने पुढे केलेला हात न धरता तिने स्वतःच दार ओढले.

मित्रांनो, आता दुकान रोज उघडते. पण माझ्या जागी आपोआप दार लागणारी नवी लिफ्ट येणार आहे. ताईच्या त्या हाताला मी मुकणार, याची हुरहूर काही जात नाही. जाता जाता एकच मागते. तुमच्या घरात कुणी असे घाबरत असेल तर हसू नका, आणि मायेपोटी सारे जग त्याच्या दारात आणून ठेवू नका. जाणत्या समुपदेशकाकडे न्या आणि धीराने सोबत थांबा. ताईचा हात आजही एखाद्या सकाळी थरथरतो. त्याच थरथरत्या हाताने ती माझे दार लावून घेते.