आमच्या बैठकीतला कापूस

घर हे माणसांसाठी असतं. या बाबतीत जगातले सगळे धर्म, सगळी राज्यं आणि सगळ्या नगरपालिका यांचं एकमत आहे. गुहेत राहणाऱ्या माणसालाही ते समजलं होतं. पिपरी मेघेच्या किसनराव झाड्यांना मात्र ते कोणी कळवलेलं नव्हतं, आणि आम्ही घर भाड्याने घेतलं ते नेमकं त्यांच्याकडून.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि थोरल्या भावाच्या घरी राहत होतो. लग्न झाल्यापासून तिथेच. भाऊ चांगला, वहिनी त्याहून चांगल्या, आणि चांगल्या माणसांच्या घरातून बाहेर पडायला कारण सापडत नाही हीच अडचण होती. माझ्या बायकोला, कोकिळेला, ते पहिल्याच महिन्यात सापडलं होतं. त्या घरात भाजी ती चिरायची, कणीक ती मळायची, पोळ्या ती लाटायची. फोडणी मात्र वहिनी टाकायच्या. तेल तापलं की वहिनी देवघरातून उठून यायच्या, कोकिळा बाजूला सरकायची, मोहरी तडतडायची आणि जेवताना सगळे म्हणायचे, वहिनींच्या हाताला चव आहे. कोकिळा बी. ए. होती. ती यावरून कधी भांडली नाही. दर दिवाळीला मला एवढंच विचारायची, "या वर्षी तरी?"

थोडक्यात, आम्हाला घर हवं होतं ते एका फोडणीसाठी. हे कारण मी घरमालकांना सांगत नसे. त्यांना मी कॉलेज लांब पडतं असं सांगायचो.

किसनराव पिपरीतले जुने शेतकरी. गाव वर्ध्याला चिकटत चाललंय आणि नोकरदार माणसं खोल्या शोधत फिरतायत, हे पाहून त्यांनी आपल्या घराला लागून दोन खोल्या काढल्या होत्या. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर. मधल्या दाराला चौकट होती, पल्ला नव्हता; सुतार यायचा होता.

"वाढई येते चार दिवसांत, लावून देते," किसनराव म्हणाले. "बाकी घर तुमचंच समजा, सर. आमी काई येत नाई, जात नाई."

त्यांनी दिलेला शब्द अक्षरशः पाळला. ते आले नाहीत. कापूस आला.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही सामान आणलं. कोकिळेने आधी देव मांडले, मागच्या दाराशी तुळशीची कुंडी ठेवली, मग ओट्यावर नवा स्टोव्ह ठेवून त्याला हळदीकुंकू लावलं. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालायचं, मग स्वयंपाक. तिने पातेल्यात दूध घेतलं, स्टोव्ह पेटवला, पंप मारायला सुरुवात केली, आणि पुढच्या दाराशी बैलबंडी येऊन थांबली. किसनरावांचा सालदार गडी नत्थू बंडीवरून उतरला, कापसाचं एक मोठं गाठोडं पाठीवर घेऊन आमच्या बैठकीत आला आणि ते त्याने जमिनीवर मोकळं केलं. मग दुसरं आणायला गेला. त्याच्या मागोमाग किसनराव आले, चौकटीतून आत डोकावले आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, स्टो इझवा आंधी."

कोकिळेने माझ्याकडे पाहिलं. दूध कोमट झालं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"कापूस," किसनराव म्हणाले. शिकलेल्या माणसाला सांगताना लागते तेवढी सबुरी त्यांच्या आवाजात होती.

"तो दिसतोय. पण इथे काऊन?" संतापलो की माझी प्रमाण भाषा सुटते.

"मंग कुठी? दरसाल इथंच राह्यते."

"दरसाल? या खोल्या तर तुम्ही गेल्या वर्षी बांधल्या."

"हो ना जी. मागच्या साली इथंच होता."

"मागच्या साली घर भाड्याने दिलं नव्हतं."

"म्हून तर मागच्या साली जागा जास्त होती."

यावर काय बोलावं हे अर्थशास्त्रात नाही. कापूस खरेदी योजनेवर मी वर्गात लागोपाठ दोन तास बोलत असे. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच विकायचा, केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायचं, इथवर मला सगळं पाठ होतं. थांबायचं तोवर कापूस कुठे ठेवायचा याचा उल्लेख पुस्तकात नव्हता. आता मी ते मुलांना सांगू शकत होतो.

"चार दिवसांचा सवाल हाये, सर," किसनराव म्हणाले. "नंबर लागला का बंडी भरली. तुमाले समजनारबी नाई."

त्यांनी जाता जाता बैठकीतला बल्ब काढून खिशात टाकला. "गरम होते," ते म्हणाले. मग नियम सांगितले. स्टोव्ह नाही. कंदील नाही. देवापुढे निरांजन नाही, उदबत्तीही नाही. हे सांगताना ते उंबऱ्याबाहेर उभे राहून बिडी ओढत होते. मी बिडीकडे बोट दाखवलं तेव्हा त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी बाहीर हाओ."

जेवणाचं काय, हा प्रश्न त्यांच्या बायकोने, आनंदाबाईंनी, सोडवला. त्या पदराला हात पुसत आल्या आणि कोकिळेला म्हणाल्या, "आमच्या चुलीवर करा ना, बाई. चूल काई खात नाई."

पहिल्या संध्याकाळी कोकिळा त्यांच्या स्वयंपाकघरातून परत आली ती तोंड शिवल्यासारखी. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "भाकरी मी थापल्या. फोडणी आनंदाबाईंनी टाकली. म्हणाल्या, तुमाले आमच्या तिखटाचा अंदाज नाई."

मी चष्मा काढून पुसला.

"वहिनींकडे पोळ्या होत्या," ती म्हणाली. "इथे भाकरी. बदली झाली, बढती नाही."

चार दिवस झाले. त्यानंतरचेही झाले. कापूस गेला तर नाहीच, दुसऱ्या वेचणीचा आला. तो खिडकीच्या गजांपर्यंत चढला. पुढचं दार आता कापसाचं होतं. आम्ही मागच्या दाराने, तुळशीला वळसा घालून, चोरासारखे येत-जात होतो. झोपायचो ओट्याखाली. माझ्या कोटावर, चष्म्यावर, कोकिळेच्या केसांत सदा पांढरे तंतू असायचे. वर्गात मुलं मला पाहून हसायची. एकदा फळ्यावर मी 'मागणी' असं लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हलकेच म्हणालं, "आन् पुरवठा सरच्या डोक्यावर."

वाढई आला नाही. मी किसनरावांना म्हणालो, निदान पल्ला लावा, म्हणजे मागे स्टोव्ह तरी पेटवता येईल. ते म्हणाले, "वाढई कसा येईन सर? चौकटीसमोर कापूस हाये."

मधल्या काळात एक बदल झाला. वेचणी जोरात आली आणि आनंदाबाई सकाळीच बायांबरोबर वावरात जाऊ लागल्या. स्वयंपाकघर कोकिळेच्या हातात आलं. किसनरावांच्या घरची माणसं, नत्थू, वेचणीसाठी आलेल्या आनंदाबाईंच्या दोन बहिणी आणि त्यांचं गणगोत, सगळ्यांचं वरण ती एका गंजात, म्हणजे हंड्याएवढ्या पातेल्यात, करू लागली. मला वाटलं, चला, निदान फोडणी तरी मिळाली. तसं मी तिला म्हणालो.

"दुसऱ्याच्या चुलीवर फोडणी टाकली की ती नोकरी होते," कोकिळा म्हणाली. "आणि हिला पगार नाही."

तिथेच हे थांबलं असतं, पण एका रविवारी भाऊ आणि वहिनी घर पाहायला आले. कळवून आले असते तर मी त्यांना सेवाग्रामला आश्रम दाखवायला नेलं असतं. वहिनी मागच्या दाराने आत आल्या, त्यांनी चौकटीतून बैठकीत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"गादी मोठी भरवताय," त्या म्हणाल्या.

चहा आनंदाबाईंच्या चुलीवरून आला. नत्थू घेऊन आला. वहिनींनी बशीत ओतला, फुंकला, आणि ओट्यावरच्या नव्या स्टोव्हकडे पाहिलं. त्यावरचं हळदीकुंकू तसंच होतं.

"तुमची खोली अजून मोकळीच आहे हं, कोकिळा," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "हे म्हणत होते गहू ठेवू. मी म्हटलं, थांबा जरा. लागेल."

त्या गेल्यावर कोकिळेने कपबशा धुतल्या, पुसल्या, परत करून आली आणि मला म्हणाली, "पुढच्या रविवारपर्यंत हे गेलं नाही तर मी जाते. तिकडे. लाटायला. निदान तिथे केसांत काही अडकत नाही."

ती हे रागाने म्हणाली असती तर मी झोपलो असतो. ती ते बसचं वेळापत्रक सांगावं तसं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तास बुडवून केंद्रावर गेलो. बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. तिथे माझा एक जुना विद्यार्थी कारकून होता; मी त्याला पास केलेलं होतं, हे नशीब. त्याने विचारलं, "झाडे? त्यांनी नंबर लावलाय का, सर?"

संध्याकाळी मी किसनरावांना विचारलं. ते म्हणाले, "लावणारच होतो."

"कधी?"

"घाई काय हाये? कापूस काई उघड्यावर नाई."

विद्यार्थ्याने नंबर लावला. नुसता लावलाच नाही, तर त्याच आठवड्यातला मिळवून दिला. मी सायकल मारत पिपरीला आलो. गुरुवारची संध्याकाळ होती. किसनराव अंगणात बसले होते, नत्थू बंडीच्या आसाला वंगण लावत होता, आनंदाबाई वावरातून नुकत्याच आल्या होत्या, कोकिळा त्यांच्याच दाराशी तूर निवडत होती.

"उद्याचा नंबर लागला," मी म्हणालो. "सकाळीच बंडी भरा."

"उद्या?" आनंदाबाई म्हणाल्या. "उद्या तं शुक्करवार."

"मग?"

"शुक्करवारी लक्ष्मी घराबाहीर काढते का कोणी? पह्यला कापूस हाये, सर. त्याची पूजा केली मी."

मी किसनरावांकडे पाहिलं. ते आभाळाकडे पाहू लागले.

"किसनराव, हा नंबर गेला तर पुढचा संक्रांतीला."

"आता घरच्या लक्ष्मीच्या कामात मी काय बोलू, सर," ते म्हणाले. नत्थूने वंगणाचा डबा झाकून ठेवला. नंबर संपला, हे त्याला आमच्या आधी कळलं होतं.

मी बोलू लागलो. भाडेकरूचे हक्क, कायदा, वकील, बरंच काय काय बोललो. किसनराव मान हलवत होते. भाषण कोणाचंही असो, ते तसंच ऐकत असावेत.

कोकिळेने सूप खाली ठेवलं.

"आनंदाबाई, ते घर कोणाचं?"

"आमचंच ना, बाई."

"मग आम्ही भाडं कशाचं देतो?"

"राह्याचं."

"म्हणजे राहतो आम्ही. देव कोणाचे मांडलेत तिथे? तुळस कोणाची?"

"तुमची."

"मग उद्या लक्ष्मी बाहेर पडेल ती कोणाच्या दारातून पडेल? तुमच्या घरातून नाहीच जात ती. आमच्या घरातून जाते. काही वाईट व्हायचं तर ते आमचं होईल. तुमच्या दाराला ती शिवतसुद्धा नाही."

आनंदाबाई विचारात पडल्या. त्यांनी आमच्या खोल्यांकडे पाहिलं, मग आपल्या दाराकडे. मधलं अंतर मोजत असाव्यात.

"मागून मले बोल नाई लावाचा," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी गेली तं तुमच्या घरची गेली."

"नाही लावणार."

"सरहीले तं इचारा."

"त्यांच्याकडे ती होतीच कधी," कोकिळा म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

नत्थूने वंगणाचा डबा उघडला. किसनराव समाधानाने म्हणाले, "घर तुमचंच हाये, सर. मी पह्यल्याच दिवशी म्हटलं होतं." अशा रीतीने त्या घरावरचा आमचा हक्क मान्य झाला; अपशकुन कोणाच्या नावावर घालायचा हा प्रश्न निघाला नसता तर तो आजपर्यंत झाला नसता.

शुक्रवारी सकाळी बंडी भरली. आनंदाबाई लांब, आपल्या ओसरीत, पाठ फिरवून उभ्या होत्या. बैलांना कुंकू कोकिळेने लावलं, कारण घरची बाई ती. दुसऱ्या फेरीत उरलेला कापूस गेला. आम्ही बैठक झाडली, पुन्हा झाडली, ओल्या फडक्याने पुसली. खोली पाहिजे होती त्यापेक्षा लहान निघाली. किसनरावांनी खिशातून बल्ब काढून दिला. तो त्यांनी इतके दिवस खिशातच ठेवला होता की काय, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी कोकिळेने दोन्ही दारं आतून लावली. मला बैठकीत बसवलं आणि सांगितलं, बोलावल्याशिवाय यायचं नाही. स्टोव्हचा पंप ऐकू आला, मग ज्वाळेचा सणसणाट. दूध उतू गेल्याचा करपट वास आला. बऱ्याच वेळाने तेल तापल्याचा वास, मग मोहरी, मग हिंग. कोणी देवघरातून उठून आलं नाही. वावरातूनही कोणी आलं नाही.

तिने दोन ताटं वाढली. वरण, भात, वांग्याची भाजी. ती समोर बसली, पण तिने घास घेतला नाही. मी भात कालवला, पहिला घास घेतला. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"कसं झालंय?"

"छान," मी म्हणालो.

मग तिने घास घेतला, थोडा वेळ तोंडातच ठेवला आणि माझ्याकडे न पाहता पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

वरणात मीठ किसनरावांच्या अख्ख्या घराचं पडलं होतं.