लिंबाच्या कुंडीतली चिलटं

झुल्मानं काट्यानं बटाट्याची चकती उलटली आणि "अगं बाई!" म्हणून ती मागेच सरकली. काल संध्याकाळी कुंडीतल्या मातीवर पालथी ठेवलेली चकती ती. तिच्या पोटाला तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या चिकटून वळवळत होत्या. गांज्याचं झाड ऐन फुलावर आलेलं, आणि खालची पानं मात्र पिवळी पडून माना टाकत होती. नुसता हात लावला तरी बुंध्यातून चिलटांचा थवा उठायचा.

स्वयंपाकघराच्या पायरीवर तिचा नवरा एल्बियो बगलेत थर्मास धरून बसला होता. तुंब्यातला येर्बाच्या पाल्याचा कडू काढा नळीनं ओढता ओढता तो म्हणाला,

"एकोणतीस तारखेला रिवाजानं न्योकीचे गोळे करायचे, ते बटाटे अळ्यांना खाऊ घालतेस काय, म्हातारे?"

"बटाट्याला लागल्या की मुळं सोडतात त्या. तू आपला तुझा येर्बा पी."

"मेलं ते झाड, तर मी काही रडत बसणार नाही."

एल्बियोची सगळी नोकरी पोलिसात गेलेली. सरकारनं घरी गांजा लावायची मुभा दिली, तेव्हा झुल्मा पोस्टात जाऊन नाव नोंदवून आली. हा बाहेर बाकावर पाठ करून बसला होता. ज्या झाडापायी त्यानं माणसं आत टाकली, ते आता त्याच्याच परसात, टोमॅटोच्या शेजारी! पण थंडी पडली की झुल्माची बोटं आखडायची, आणि या फुलांचं मलम चोळलं तरच मोकळी व्हायची. यंदा लावलेल्या तीन रोपांतली दोन नर निघाली, मलमाला बिनकामाची, ती उपटावी लागली. उरलं हे एक. मलमाची जुनी बाटली तर तिनं केव्हाच खरवडून संपवली होती. हे झाड गेलं, की अख्खा हिवाळा बटण लावायलासुद्धा नवऱ्याला हाक मारायची. आणि नेमकं तेच तिला नको होतं.

फुलांवर औषध मारायची सोय नव्हती, मारलेलं सगळं मलमात उतरणार. पाणी तोडायचं, वरची ओली माती काढायची आणि कोरडी वाळू पसरायची, एवढंच हातात होतं. एल्बियो आत गेल्यावर ती चमचा घेऊन बसली. बुंध्याशी पडलेली वाळकी पानं बाजूला सारली आणि तिचा हात थांबला. पानांखाली हिरवट, ओला, आंबूस वासाचा चोथा होता, चांगला दोन बोटं जाड. चिलटांना बाळंतपणाला याहून चांगली जागा कुठली मिळणार?

येर्बाचा चोथा. झुल्मा चहा पिणारी. घरात येर्बा पिणारा एकच.

"मुद्दाम मारतोय मेला," ती पुटपुटली. तिच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. तशीच आत जाऊन चमचा त्याच्यापुढे आपटावा असं तिला वाटलं, पण हा पोलिसातला माणूस, कानावर हात ठेवण्यात वस्ताद. याला मुद्देमालासकट धरायला हवा. तिनं पानं पुन्हा होती तशी पसरली.

"एवढी एक रात्र कळ काढ गं," ती झाडाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती पडद्याआड जाऊन उभी राहिली. एल्बियो कालचा तुंबा घेऊन बाहेर आला. कुंडीशी उकिडवा बसताना गुडघा कुरकुरला, तशी त्यानं गुडघ्याला एक शिवी हासडली. चोथा बुंध्याशी ओतला, बोटांनी हलकेच थापला, वर वाळकी पानं पसरली. मग खिशातून बुटाची जुनी नाडी काढून त्यानं फुलांच्या भारानं वाकलेली फांदी काठीला बांधली.

"खा, बाई, खा," तो झाडाला म्हणाला. "आमच्या आईचे गुलाब याच्यावरच पोसले. जरा अंग धर. थंडी तोंडावर आलीय, आणि तिचे हात बघवत नाहीत मला."

झुल्मानं पडदा सोडला. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

"गाढव," ती म्हणाली. "माझं गाढव."

न्याहारीला तिनं त्याच्यापुढे पाव ठेवला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली,

"कोपऱ्यातल्या कुंडीतलं लिंबू बघितलंस का? अगदीच मरगळलंय. त्याला कुणीतरी काहीतरी खायला घालायला हवं."

"मला काय कळतंय झाडांतलं?" एल्बियो म्हणाला. पण पाव चावता चावता त्यानं दारातून मान काढून लिंबाकडे बघून घेतलं.

तो पाव-दूध आणायला बाहेर पडल्याबरोबर तिनं चोथा खरवडून काढला आणि वर वाळू पसरली. परत आल्यावर त्यानं कुंडीकडे बघितलंच.

"ही वाळू कशाला?"

"माती उघडी नको म्हणून."

दुसऱ्या दिवशी ताजा चोथा लिंबाच्या बुंध्याशी पडला होता, वर वाळकी पानं नीट पसरलेली.

माती वाळली तशी चिलटं कमी कमी होत गेली. पिवळी पानं गळून गेली, पण वरची तरारली, आणि फुलांचा वास कुंपणापलीकडे जायला लागला. झुल्मानं फुलं काढली, दोरीवर वाळवली, तेलात घालून मंद आचेवर कढवली. बाटली काठोकाठ भरली तेव्हा ती एकटीच स्वयंपाकघरात हसत उभी होती.

जूनमध्ये इकडचा हिवाळा लागला, पहिला गारठा पडला त्या दिवशी एल्बियोनं न विचारताच बाटली उघडली. तिचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळायला लागला.

"वाचलं म्हणायचं तुझं झाड," तो म्हणाला.

"वाचलं. कुणीतरी जीव लावला असेल."

त्याचे कान लाल झाले. त्यानं मान वर केली नाही. दोन बोटं चोळून झाली, तिसरं हातात घेतलं.

"लिंबाच्या कुंडीत चिलटं झालीत," तो म्हणाला.

झुल्मानं चौथं बोट पुढे केलं. ते चोळता चोळता तो म्हणाला,

"बटाटा कापून ठेवलाय मी. पालथा."