प्रसाद आहे का?

गुलबर्ग्यात धोंडप्पाचं तूरडाळीचं दुकान वर होतं आणि खरी कमाई खाली. पोत्यांमागची फळी उचलली की तळघराचा जिना लागे. तिथं मंठाळचा अंबाजी मटणाचा रस्सा नि भाकरी वाढी, शिंदीत लिंबू, गूळ, सुंठ घालून सरबत करी. गिऱ्हाइकं म्हणजे धोंडप्पाच्याच समाजातले, गळ्यात लिंग बांधलेले, मटण-दारू वर्ज्य असलेले प्रतिष्ठित व्यापारी. या लोकांत जेवणाला प्रसाद म्हणतात. तेव्हा गल्ल्याशी येऊन हळूच विचारायचं, "प्रसाद आहे का?" हा खुणेचा शब्द धोंडप्पानंच थट्टेत काढला होता. स्वतः तो खालचं काही तोंडाला लावत नसे आणि तेवढ्यावर मनाची समजूत घाली. मोठा पुण्यवान माणूस!

त्या दुपारी तो स्टेशनावरून परतला तर गल्ल्यावर बसवलेला अंबाजी जागेवर नाही. खाली उतरला आणि शेवटच्या पायरीवरच थबकला. पाटावर शिवय्या बसले होते, कडगंचीचे म्हातारे जंगम, समाजाचे गुरू. लहानपणी धोंडप्पाच्या गळ्यात लिंग त्यांनीच बांधलं होतं.

"अय्यांनी इचारलं, प्रसाद हाय का," अंबाजी कुजबुजला. "म्या खाली आणलं."

शिवय्यांना धड दिसत नव्हतं. भोवतीचे व्यापारी भिंतीकडे तोंड करून बसले. शिवय्यांनी जेवणाआधीच्या रीतीप्रमाणे लिंग तळहातावर घेतलं, ताट त्याला नैवेद्य म्हणून दाखवलं नि डोळे मिटले. बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. पण बोललं तर बाजारभर छीथू होणार. धोंडप्पा गप्प राहिला आणि शिवय्यांनी घास खाल्ला.

"झणझणीत हाय रं," ते हसले. दुसरा घास त्यांनी त्याच्यापुढं धरला. "घे, प्रसाद हाय."

जंगमाच्या हातचा घास नाकारायचा नसतो. धोंडप्पानं तोंड उघडलं, पण घास घेववेना.

"अय्या, ह्यात मटण हाय."

शिवय्यांनी घास परत ताटात ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग त्याला प्रसाद कामून म्हनलास, लेकरा?"

 धोंडप्पानं आधाराला हात पुढं केला, तो न धरता म्हातारा जिना चाचपडत वर गेला.

संध्याकाळी धोंडप्पानं फळीला खिळे ठोकले. घरी बायकोनं, दानम्मानं, रोजच्यासारखं ताट वाढून हाक मारली, "या, प्रसादाला बसा."

तो बसला. गळ्यातलं लिंग त्यानं तळहातावर घेतलं आणि त्याच्यापुढं ताट काही सरकवता येईना.