कंटेनरपुढचं गाऱ्हाणं

आमच्या कुडाळच्या कारखान्यातून गोठवलेल्या हापूसच्या फोडींचा पहिला कंटेनर हॉलंडला निघाला, तेव्हा मालक सत्यवान यांनी आपल्या काकांना, धोंडूकाकांना, देवाला गाऱ्हाणं घालायला गावाहून बोलावलं. नव्या कामाला हात घालायचा आणि देवाला सांगायचं नाही, असं आमच्याकडे कोण करतं? मीही केलं नसतं.

शीतगृह माझ्या ताब्यात. माल भरला की दार लगेच बंद, पारा उणे अठराच्या वर चढता कामा नये, हे कामाच्या बायकांना पुन्हा पुन्हा बजावणारी मीच. पण काका म्हणाले, "देवाक माल दिसाक होयो." कंटेनरचं दार उघडं राहिलं. काकांनी ग्रामदेवतेपासून सुरुवात केली, वेशीवरचा राखणदार घेतला, वाटेतली बंदरं घेतली आणि शेवटी हॉलंडातल्या अनोळखी देवांनाही माल सांभाळायला सांगितलं. मे महिन्याची हवा आत शिरत होती आणि मी हात जोडून 'होय म्हाराजा' म्हणत होते. पंचवीस मिनिटं. तोंड उघडायची हिंमत झाली नाही, एवढंच खरं.

महिन्याभराने तिकडून मेल आला. दाराजवळच्या पेट्यांतल्या फोडी नरम होऊन पुन्हा गोठल्या होत्या, चिकटून त्यांचा गोळा झाला होता. पेटीत ठेवलेल्या तापमान नोंदणाऱ्या यंत्राने वेळही दाखवली होती, सकाळी पावणेअकरा, म्हणजे काकांच्या गाऱ्हाण्याचीच. चूक कारखान्याची असेल तर पुढची ऑर्डर रद्द. म्हणजे फोडी कापणाऱ्या चाळीस बायका घरी.

सत्यवान यांनी मला बोलावून तोड सांगितली. ट्रक साडेअकराला सुटला होता, तो साडेदहाला सुटला असं लिहायचं, म्हणजे कंटेनर गार ठेवणारा जनरेटर वाटेत बंद पडला आणि ड्रायव्हरने पाहिलं नाही असं म्हणता येईल. ड्रायव्हर तोंडवलीचा बाळा, ट्रकही बाहेरचा. त्याची बाजू मांडायला कोण येणार होतं? मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी गेटच्या वहीचं पान नव्याने लिहून सही केली. बायकांसाठी केलं, असं मी स्वतःला सांगते. माझी नोकरीही त्यातच होती, ते सांगत नाही.

हॉलंडवाल्यांना कारण पटलं. ऑर्डर आली, अट एकच, हा ड्रायव्हर नको. बायकांनी पेढे वाटले. देवाने ऐकलं, असं काका सगळ्यांना सांगत सुटले. मी माझा पेढा कागदात गुंडाळून खणात ठेवला.

पुढच्या आठवड्यात बाळा आला. ट्रकमालकाने त्याला काढून टाकलं होतं आणि कारण विचारल्यावर कारखान्याकडे बोट दाखवलं होतं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने चपला दाराबाहेर काढल्या आणि माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

"किशोरीबाय, माझां काय चुकलां तां तरी सांग. परत तसां करूचंय नाय."

"जनरेटर वाटेत बंद पडलो होतो," मी म्हटलं. त्याच्याकडे बघणं मला जमलं नाही.

त्याने वाटेतले थांबे एकेक करून बोटांवर मोजले.

"तू सांगतंस म्हणजे पडलो असतलो. माझां लक्ष गेलां नाय."

आणि माझीच माफी मागून तो गेला.