तीन शेडचं एक नाव

जोतीराम बत्तीस वर्षं गणपतरावांच्या शिरोलीतल्या फौंड्रीत होता. त्याच्या हातून मालाची एक पेटीही कधी इकडची तिकडं झाली नव्हती. पण २००६ साली हातात स्कॅनर आला आणि त्याच्या इभ्रतीचं पार पोतेरं झालं.

पेटीवरच्या चिठ्ठीवर स्कॅनर धरला की नोंद आपोआप ऑफिसात जायची. पहिल्या शेडमध्ये झकास चालायचं. दुसऱ्या शेडच्या दारात पाऊल टाकलं की यंत्र मुकं! आठ महिने तो दारात थांबून ते मांडीवर आपटत होता. निम्म्या नोंदी बुडायच्या. शेवटी मालक म्हणाले, "जोत्या, वय झालं तुझं. सोमवारपासनं गेटवर बस." हे त्याला फार लागलं. बायकोला, धोंडुबाईला, त्यानं सांगितलंसुद्धा नाही.

शनिवारी वायरलेस बघायला मुरगूडची संघप्रिया आली. "काका, रोज चालताय तसं चाला," म्हणाली आणि उघडा लॅपटॉप हातावर धरून त्याच्या मागं निघाली. तिसऱ्या फेरीला ती दारातच थांबली. छताला लावलेल्या पांढऱ्या डब्याकडं, स्कॅनरच्या नोंदी झेलणाऱ्या ॲक्सेस पॉइंटकडं, बघून हसली.

"काका, या डब्याचं नाव तेजस्वी हाय. मागचा उदयसिंह, आणि म्होरचा झुंबरबाई."

नात, नातू आणि आई. मालकांनी हौसेनं ठेवलेली नावं! बंगल्यावर घरच्यांची नावं, ट्रकवर घरच्यांची नावं, मग डब्यांनीच काय घोडं मारलं होतं?

"नाव बदललं की यंत्र बावचळतंय. तिन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, तर चालता चालता म्होरचा डबा आपसूक धरंल. चूक तुमची न्हाय, काका."

जोतीरामाला एकदम हलकं वाटलं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? सोमवार आठवला आणि तो स्वतःच केबिनमध्ये शिरला. संघप्रिया मागोमाग आली. त्यानं सगळं सांगितलं.

"नातवंडांची नावं पुसायची व्हय?" गणपतराव कडाडले.

"मालक, न्हाईतर मला पुसाय लागतंय की."

गणपतरावांनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं बघितलं. "एकाचं ठेवलं तर दुसरं रुसणार. पोरी, आईचं ठेव. तिच्या पदराखाली दोघंबी मावत्यात."

अर्ध्या तासात तिन्ही डब्यांना एकच नाव देऊन संघप्रियानं 'झालं' म्हणून मान हलवली. जोतीराम पेट्या स्कॅन करत निघाला. दुसऱ्या शेडच्या दारात त्याचे पाय सवयीनं थांबले. भीतभीत त्यानं तिथल्या पेटीवर स्कॅनर धरला. तो लगेच वाजला; नोंद गेली.

"थांबलास का रं?" मागून गणपतराव ओरडले. "चल की म्होरं! गेटवर दुसरा माणूस बघतो मी."

"व्हय, मालक," जोतीराम म्हणाला, पण मागं वळला नाही. डोळे भरून आले होते, आणि पुढची पेटी स्कॅन करायची होती.